पंचवीस हजारांतला लॅपटॉप : एका जुन्या यंत्राच्या खरेदीचा हिशेब

जुलै २०२५मध्ये माझ्या भाचीला दहावीनंतर कॉम्प्युटर डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला प्रवेश मिळाला आणि घरात लॅपटॉपचा विषय निघाला. दाजींनी उसाच्या शेवटच्या बिलातून त्यासाठी २५,००० रुपये बाजूला ठेवले होते. त्यापुढे काही वाढवता येणार नव्हते, कारण फी, वसतिगृह आणि पुस्तके यांचा खर्चही त्याच बिलावर होता. मी कराडमधल्या एका शाळेच्या संगणक कक्षाची देखभाल पाहतो आणि जुन्या यंत्रांची झाकणे उघडणे हे माझे नित्याचे काम आहे, म्हणून ताईने ही खरेदी माझ्याकडे सोपवली. पुढच्या तीन आठवड्यांत आम्ही पाच लॅपटॉप तपासले, चार सोडले आणि एक घेतला. त्या खरेदीची हकीकत माझ्या एका चुकीसह येथे मांडली आहे.

पहिला प्रश्न नवा घ्यावा की जुना, हा होता. त्या वेळी २५,००० रुपयांत मिळणाऱ्या नव्या लॅपटॉपमध्ये बहुतेक करून सेलेरॉन हा साधा, कमी ताकदीचा किंवा त्या तोडीचा प्रोसेसर येत होता आणि त्यातल्या अनेकांत रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती स्मृती, मदरबोर्ड या मुख्य बोर्डवरच जोडलेली असल्यामुळे ती पुढे वाढवण्याची सोय नव्हती. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षात सी भाषा आणि वेब पेज एवढ्यावर भागते, पण पुढे जावा, डेटाबेस आणि शेवटच्या वर्षी मोबाइल ॲप हे विषय येतात. ॲप बनवण्याचे अँड्रॉइड स्टुडिओ हे साधन एम्युलेटरसह, म्हणजे पडद्यावरच्या नकली मोबाइलसह, नीट चालवायचे, तर १६ जीबी रॅम लागते. म्हणजे हे यंत्र २०२८च्या उन्हाळ्यापर्यंत टिकायला हवे आणि वाटेत त्याची रॅम वाढवता यायला हवी, अशा दोन अटी ठरल्या. या दोन्ही अटी त्या किमतीचा नवा लॅपटॉप पुरा करत नव्हता आणि कंपन्यांमधून निघालेला जुना लॅपटॉप पुरा करू शकत होता.

कंपन्यांमधून निघालेला, असे मी मुद्दाम म्हणतो. मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्यांसाठी शेकड्याने लॅपटॉप घेतात किंवा भाडेपट्टीवर आणतात आणि तीन-चार वर्षांनी सगळे एकदम बदलतात. डेलची लॅटिट्यूड, लेनोव्होची थिंकपॅड आणि एचपीची एलिटबुक या मालिका त्यासाठीच बनवलेल्या असतात. त्यांचे तळझाकण स्क्रू काढून सहज उघडते, बहुतेक मॉडेलांत रॅम, एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी येणारी वेगवान साठवण) आणि बॅटरी बदलता येते, दुरुस्तीची पुस्तिका कंपनीच्या संकेतस्थळावर मोफत मिळते आणि एकाच मॉडेलची हजारो यंत्रे बाजारात आल्यामुळे सुटे भागही मिळत राहतात. घरगुती वापराच्या चकचकीत लॅपटॉपला पाच वर्षांनी बिजागरी किंवा कीबोर्ड शोधताना जी वणवण होते, ती यात होत नाही.

त्या वर्षीच्या खरेदीला आणखी एक बाब चिकटलेली होती. विंडोज १०साठीचा नियमित आधार, म्हणजे सुरक्षा अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार होता आणि विंडोज ११ हे इंटेल कंपनीच्या आठव्या पिढीच्या (प्रोसेसरांच्या प्रत्येक नव्या मालिकेला पिढी म्हणतात) आधीच्या जवळजवळ सर्व प्रोसेसरांना अधिकृतपणे चालत नाही. त्यामुळे सहाव्या आणि सातव्या पिढीची यंत्रे जागोजागी विकायला निघालेली दिसत होती आणि त्यांच्या जाहिरातीत पिढीचा उल्लेख शोधूनही सापडत नव्हता. घरगुती ग्राहकांना सुरक्षा अपडेट आणखी एक वर्ष, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत, घेण्याची सवलत मायक्रोसॉफ्टने जाहीर केली होती, परंतु आम्हाला तीन वर्षे काढायची होती.

साताऱ्याचा लॅपटॉप

शोध सुरू होण्याआधीच दाजींनी एक लॅपटॉप मनात धरला होता. साताऱ्याच्या एका गृहस्थांनी तो विकायला काढला होता : १५.६ इंची, आय७ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, किंमत १९,००० रुपये. २०१७मध्ये तो ६२,००० रुपयांना घेतल्याचे मूळ बिल त्यांच्याकडे होते आणि यंत्रावर एक ओरखडा नव्हता. विकणारा माणूस सरळ होता, त्याने काहीही लपवले नाही.

प्रोसेसरचे पूर्ण नाव आय७-७५००यू असे निघाले. इंटेलच्या या नावांत आडव्या रेघेनंतरचा आकडा महत्त्वाचा असतो. येथे तो ७ने सुरू होतो, म्हणून ही सातवी पिढी. या प्रोसेसरला २ कोअर, म्हणजे एकाच वेळी काम करणारे दोन गाभे, आहेत. त्याच्या पुढच्याच वर्षी आलेल्या आठव्या पिढीतल्या आय५-८२५०यूला ४ कोअर आहेत आणि दोन्हींची वीजमर्यादा तेवढीच, १५ वॅट आहे. म्हणजे आय७ हे अक्षर पाहून घेणारा माणूस पुढच्या पिढीच्या आय५पेक्षा निम्मे कोअर घेतो आणि वर विंडोज ११ची वाटही बंद करून बसतो. जुन्या लॅपटॉपच्या बाजारात सर्वाधिक पैसे याच एका गैरसमजापायी जातात, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग मी दाजींसमोर कागदावर हिशेब मांडला. हार्ड डिस्क काढून एसएसडी घालायची, तर साधारण १,८०० रुपये. बॅटरी चाळीस मिनिटांत संपत होती, तिचे २,५०० रुपये. म्हणजे तो लॅपटॉप वापरण्याजोगा होईपर्यंत २३,३०० रुपयांचा झाला असता आणि तरीही ऑक्टोबरनंतर त्याचे काय करायचे, हा प्रश्न उरलाच असता. दाजींच्या डोक्यातून मात्र ते ६२,००० रुपये जात नव्हते. "बासष्टचा एकोणीसला मिळतोय, एवढा फरक कुठं मिळणार?" असे ते म्हणत होते. तेव्हा मी त्यांना विचारले, "दाजी, तुम्ही जुना ट्रॅक्टर बघायला गेलात, तर आधी काय बघता?" ते म्हणाले, "तास. मीटरवर किती तास पडलेत ते. आणि टायर." मी विचारले, "आणि शोरूमची किंमत?" यावर ते थोडे थांबले आणि म्हणाले, "ती गेली मालकाबरोबर."

त्यानंतर त्यांनी तो लॅपटॉप मनातून काढून टाकला. एवढेच नव्हे, तर पुढच्या प्रत्येक दुकानात ते "तास किती?" हेच विचारत राहिले. त्या प्रश्नाचा किती उपयोग झाला, ते पुढे येईलच.

पुण्यातला एक दिवस

मुंबईच्या वाचकांना अशा खरेदीसाठी ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, जवळ आहे. कराडकरांना पुणे बरे पडते. पहाटेची एसटी धरून आम्ही तिघे स्वारगेटला उतरलो. जाताना मी तीन वस्तू बरोबर घेतल्या होत्या : विंडोज ११ची मूळ प्रत आणि तपासणीची साधने भरलेला पेन ड्राइव्ह, इयरफोन आणि एक छोटा स्क्रू ड्रायव्हर. मोबाइलचा हॉटस्पॉट ही चौथी गोष्ट होती आणि तिनेच आम्हाला मोठ्या नुकसानीतून वाचवले.

पहिल्या दुकानात एलिटबुक ८४० जी५ होता. झाकण उघडताना डाव्या बिजागरीजवळची प्लास्टिकची कड वर उचलली जात होती. बिजागरीचा आधार तुटलेला असला की काही महिन्यांत पडद्याची चौकट फाटते, म्हणून तो दोन मिनिटांत सोडला.

दुसऱ्या दुकानात लॅटिट्यूड ५४१० मिळाला. हे मॉडेल दहाव्या पिढीचे, आय५-१०३१०यू प्रोसेसरचे, म्हणजे आम्ही ठरवले होते त्यापेक्षा नवे होते. ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी आणि किंमत १८,००० रुपये. त्याच दुकानात त्याच्या आधीचे मॉडेल २०,०००च्या पुढे होते. नवे यंत्र जुन्यापेक्षा स्वस्त का, याचे उत्तर दुकानदार "लॉटचा माल आहे" एवढेच देत होता. विंडोज चालू होती, सगळे व्यवस्थित दिसत होते आणि भाचीला तो आवडलाही होता.

मी यंत्र रीसेट करून, म्हणजे सगळे पुसून विंडोज पहिल्यापासून सुरू करून, पाहण्याची परवानगी मागितली. दुकानदार आधी नको म्हणाला, मग तयार झाला, पण इंटरनेट जोडू नका, ऑफलाइन सेटअप करा, असे त्याने दोनदा सांगितले. रीसेट होऊन भाषा निवडण्याची पाने गेल्यावर मी मोबाइलचा हॉटस्पॉट जोडला. मिनिटभर गोल फिरत राहिला आणि मग पडद्यावर एका कंपनीचे नाव, तिचे बोधचिन्ह आणि कर्मचाऱ्याचा ईमेल भरण्याची चौकट उभी राहिली. हे यंत्र अजून त्या कंपनीच्या नावावर विंडोज ऑटोपायलट या व्यवस्थेत नोंदलेले होते. ही नोंद यंत्रात नसून मायक्रोसॉफ्टकडे असते, त्यामुळे फॉरमॅट केल्याने किंवा एसएसडी बदलल्याने ती जात नाही. ती काढायची, तर त्या कंपनीच्या आयटी विभागाने काढावी लागते. इंटरनेट न जोडता सेटअप केला, तर लॅपटॉप वर्षभरही बिनबोभाट चालेल, पण ज्या दिवशी रीसेट करण्याची वेळ येईल, त्या दिवशी तो परक्याच्या दारात जाऊन उभा राहील.

अशी नोंद राहिलेला प्रत्येक लॅपटॉप चोरीचा असतो, असे नाही. पुष्कळदा लॉट विकताना नोंदी काढण्याचे कंपनीकडून राहून जाते. मात्र तो चोरीचा नाही, हे सिद्ध करणारा कागदही दुकानदाराकडे नव्हता. चोरीची वस्तू जाणूनबुजून, किंवा ती चोरीची आहे असे मानण्यास कारण असताना, स्वीकारणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे आणि पडद्यावर दुसऱ्याचे नाव पाहिल्यानंतर "मला कारण नव्हते" असे आम्हाला म्हणता आले नसते. भाची हिरमुसली. मी तिला तो पडदा नीट वाचायला लावला आणि दुकानाबाहेर आल्यावर त्याचा अर्थ समजावून सांगितला. बायोसला, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या यंत्राच्या मूळ प्रणालीला, पासवर्ड असणे किंवा त्यात ॲबसोल्यूट नावाची चोरीविरोधी सोय सक्रिय दिसणे, हेही याच जातीचे इशारे आहेत आणि तेथेही दुकानदाराचा शब्द पुरेसा मानू नये.

तिसऱ्या दुकानात दोन यंत्रे शेजारी शेजारी ठेवली होती : थिंकपॅड टी४८० आणि लॅटिट्यूड ५४००. पहिल्याची किंमत १९,५०० आणि दुसऱ्याची २१,००० रुपये. दोन्ही आठव्या पिढीची, दोन्हींत रॅमच्या दोन जागा आणि दोन्हींत त्यांपैकी एक रिकामी. टी४८० हा माझा आवडता लॅपटॉप आहे. त्याला आत एक आणि बाहेर एक अशा दोन बॅटऱ्या असतात, बाहेरची यंत्र चालू असताना बदलता येते आणि त्याचा कीबोर्ड हाताला विलक्षण सुखद लागतो. मी मनाने तोच घेऊन टाकला होता.

त्याला नकार मिळाला तो दोन कारणांनी. एकतर त्याचा पडदा १३६६ गुणिले ७६८ बिंदूंचा होता. टी४८० याहून स्पष्ट अशा फुल एचडी पडद्यासहही निघाला होता, पण हा तो नव्हता, आणि जाहिरातीत मॉडेलचे नाव तेच असल्यामुळे घेणाऱ्याला हा फरक घरी गेल्यावर कळतो. डोके थोडे डावी-उजवीकडे नेले की रंग उडत होते. दिवसातून पाच-सहा तास कोड वाचणाऱ्या मुलीला असा पडदा देणे मला पटेना. दुसरे कारण दाजींमुळे कळले. त्यांनी नेहमीप्रमाणे "तास किती?" असे विचारले आणि मी क्रिस्टलडिस्कइन्फो हे साधन उघडले. ते एसएसडी आजवर किती तास चालू राहिली, हे सांगते. आकडा आला ११. सहा-सात वर्षे वापरलेल्या यंत्रातली एसएसडी अकरा तासच चालली असेल, तर ती मूळची नाही. पुढे पाहिले, तर तिच्यावर ओळखीच्या कोणत्याही कंपनीचे नाव नव्हते. मूळची चांगली एसएसडी काढून तिच्या जागी हलकी घातलेली होती. दाजींना ते समजावून सांगताच ते म्हणाले, "मीटर बदललेला ट्रॅक्टर."

लॅटिट्यूड ५४००ची तपासणी

या यंत्रावर आम्ही सव्वा तास घालवला आणि तो सगळा वेळ दुकानदाराने दिला, याबद्दल त्याचे मी आजही आभार मानतो. घाई करणाऱ्या दुकानातून काही घेऊ नये, असे मला वाटते.

पहिले काम ओळख पटवण्याचे होते. डेलच्या यंत्राच्या पोटावर सात अक्षरांचा सर्व्हिस टॅग छापलेला असतो आणि तोच बायोसमध्येही दिसतो. दोन्ही जुळले. ते जुळले नसते, तर एक तर तळझाकण दुसऱ्या यंत्राचे आहे किंवा मदरबोर्ड बदललेला आहे, असा अर्थ झाला असता. तो टॅग डेलच्या संकेतस्थळावर घातल्यावर यंत्र डिसेंबर २०१९मध्ये पाठवले गेल्याचे कळले. दुकानदार "दोन-अडीच वर्षांचा" म्हणत होता. मी त्याला फोनवर ती तारीख दाखवली आणि पुढच्या घासाघिशीत त्या तारखेचा आम्हाला उपयोग झाला. प्रोसेसर आय५-८३६५यू, एसएसडी मूळची, तिचे चालू तास ७,९१२ आणि आरोग्य ९१ टक्के. रोज आठ तास धरले, तर ते जवळजवळ एक हजार दिवसांचे काम होते, म्हणजे साधारण चार वर्षांच्या कार्यालयीन वापराशी ताळा जमतो. ज्या आकड्याचा ताळा जमतो, तोच विश्वासार्ह.

मग रीसेट करून हॉटस्पॉट जोडला. कोणत्याही कंपनीचे नाव आले नाही. पेन ड्राइव्हवरून विंडोज ११ नव्याने घातल्यावर ती आपोआप ॲक्टिव्हेट झाली, कारण मूळ परवान्याची किल्ली मदरबोर्डमध्येच साठवलेली असते. दुकानात आधीपासून घातलेल्या विंडोजवर मी विसंबत नाही. ती पुष्कळदा चोरवाटेने चालू केलेली असते आणि तिच्याबरोबर आणखी काय आले आहे, ते कळायला मार्ग नसतो.

पांढरे पान पूर्ण पडद्यावर उघडून डाग पाहिले. खालच्या उजव्या कोपऱ्यात तांदळाएवढी एक फिकट सावली होती. पिशवीत दाब पडला की अशी उमटते. ती वाढत नाही, म्हणून चालवून घेतली. भाचीने नोटपॅडमध्ये एकेक कळ दाबून पाहिली, तेव्हा डावी शिफ्ट थोडी ढिली निघाली, पण काम करत होती. प्रत्येक यूएसबीत पेन ड्राइव्ह, हेडफोनच्या जागी इयरफोन, कॅमेऱ्यासमोर स्वतःचा चेहरा, असे एकेक करून तिनेच तपासले. वीस मिनिटे फुल एचडी व्हिडिओ चालू ठेवला. पंखा फिरला, पण त्यात घरघर नव्हती.

चार्जर पाहताना मात्र खोट सापडली. डेलच्या बायोसमध्ये बॅटरीच्या पानावर जोडलेल्या ॲडॉप्टरची वॅट संख्या दिसते. येथे ६५ वॅटऐवजी "अननोन" असे आले. चार्जर बाहेरून हुबेहूब होता, पण यंत्र त्याला ओळखत नव्हते. अशा वेळी बॅटरी नीट चार्ज होत नाही आणि प्रोसेसरही मुद्दाम मंद चालतो. वापरणाऱ्याला मात्र लॅपटॉपच हळू आहे असे वाटते आणि तो नको तेथे खर्च करत बसतो. दुकानदाराने आतून दुसरा चार्जर आणला आणि ६५ वॅट हा आकडा दिसेपर्यंत आम्ही पुढे गेलो नाही.

शेवटी बॅटरी. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी या आज्ञेला बॅटरीरिपोर्ट हा पर्याय जोडला की एक अहवाल तयार होतो. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि सध्या पूर्ण चार्ज झाल्यावरची क्षमता, असे दोन आकडे असतात. मूळ क्षमता ६८,००० मिलिवॅट-तास आणि सध्याची ३९,४४० निघाली, म्हणजे ५८ टक्के. चार्जचे फेरे ४१२ होते.

किंमत आणि बिल

भाव करताना आम्ही आवाज चढवला नाही. एका कागदावर तीन ओळी लिहिल्या : डिसेंबर २०१९चे यंत्र, बॅटरी ५८ टक्के, पडद्यावर सावली. तो कागद दुकानदारासमोर ठेवला आणि त्याने २१,०००वरून १९,००० केले. त्याहून खाली तो गेला नाही आणि मला तो भाव रास्त वाटला. एक महिन्याची टेस्टिंग वॉरंटी त्याने बिलावर लिहून दिली.

बिलाबाबत दाजी संकोचत होते. बिल मागितले तर कर वाढेल, अशी त्यांची समजूत होती. जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला, त्याने खरेदीवर कराची वजावट घेतली नसेल तर, खरेदी आणि विक्री यांतल्या फरकावरच जीएसटी भरण्याची सोय नियमांत आहे, त्यामुळे पूर्ण किमतीवर १८ टक्के चढतीलच, असे नसते. आम्ही ठरलेल्या १९,०००मध्येच बिल घेतले आणि त्यावर मॉडेलबरोबर सर्व्हिस टॅगही लिहून घेतला. टॅग नसलेले बिल कोणत्याही लॅपटॉपचे असू शकते. यंत्राच्या मालकीबद्दल उद्या प्रश्न निघालाच, तर हाच कागद कामाला येतो.

त्याच दिवशी दुसरीकडून ८ जीबी रॅमची पट्टी १,६०० रुपयांना घेतली आणि मीच ती रिकाम्या जागेत बसवली, म्हणजे रॅम १६ जीबी झाली. दोन सारख्या पट्ट्या असल्या की प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सलाही वेग मिळतो. एकूण खर्च २०,६०० रुपये झाला आणि हातात ४,४०० उरले. येथपर्यंतच्या कोणत्याही निर्णयाबद्दल मला आज खंत नाही.

बॅटरीची चूक

उरलेले पैसे पाहून मला वाटले की यंत्र तीन वर्षे चालवायचे, तर बॅटरी आताच नवी घालावी. ५८ टक्के हा आकडा डोळ्यांना खुपत होता. मूळ कंपनीची बॅटरी लगेच मिळेना, म्हणून एका दुकानातून ३,४०० रुपयांना कंपॅटिबल, म्हणजे दुसऱ्याच कंपनीने या मॉडेलसाठी बनवलेली, बॅटरी घेतली आणि कराडला आल्यावर बसवली. अहवालात तिची क्षमता १०० टक्के दिसली आणि सगळे खूश झाले.

मी तेव्हा एक साधा गुणाकार केला नव्हता. लिहिणे, वाचणे, छोटे प्रोग्राम चालवणे या कामांत हे यंत्र साधारण ९ वॅट खाते. जुन्या बॅटरीत ३९ वॅट-तास शिल्लक होते, म्हणजे चार तासांहून अधिक. भाचीचा लॅपटॉप कॉलेजच्या प्रयोगशाळेत आणि वसतिगृहाच्या टेबलावर प्लगलाच जोडलेला असणार होता. चार तासांपुढे तिला बॅटरीची गरज जवळजवळ कधीच पडणार नव्हती. मी गरजेकडे पाहिले नाही, टक्केवारीकडे पाहिले. साताऱ्याच्या लॅपटॉपबाबत दाजींना जे समजावले होते, तेच मी स्वतः विसरलो.

नोव्हेंबरच्या शेवटी तिचा फोन आला. "मामा, टचपॅडचं क्लिक होत नाहीये. आणि तो मधून वर आल्यासारखा दिसतोय." मी तिला लगेच चार्जर काढायला, लॅपटॉप बंद करायला आणि गादीवर न ठेवता फरशीवर ठेवायला सांगितले. या मॉडेलमध्ये बॅटरी टचपॅडच्या खालीच असते. लिथियम बॅटरीच्या पेशींत वायू साठून ती फुगते, तेव्हा टचपॅड हीच वर येणारी पहिली वस्तू असते. तो बिघाड टचपॅडचा समजून लोक दाबून वापरत राहतात आणि तेच सर्वांत धोक्याचे आहे. फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये आणि तिला पुन्हा चार्जिंगला लावू नये.

रविवारी मी तिच्याकडे गेलो. तळझाकणाचे स्क्रू ढिले करताच ते आपणहून वर आले. बॅटरीच्या तीन पेशी उशीसारख्या फुगल्या होत्या. विकणाऱ्या दुकानाने बॅटरीवर फक्त तीन महिन्यांची हमी दिली होती आणि ती उलटून एक महिना झाला होता, त्यामुळे पैसे परत मिळाले नाहीत. ती बॅटरी मी कचऱ्यात न टाकता वाळूच्या डब्यात ठेवून ई-कचरा गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्रात दिली. बॅटरी इतर कचऱ्यापासून वेगळी देण्याची जबाबदारी २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरणाऱ्यावरही टाकली आहे.

जुनी, ५८ टक्क्यांची मूळ बॅटरी मी सुदैवाने जपून ठेवली होती. ती परत बसवली आणि बायोसमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय चालू केली, कारण सतत प्लगला असणाऱ्या बॅटरीला पूर्ण भरून राहण्यानेच जास्त झीज होते. टचपॅडला काही झालेले नव्हते. त्या ३,४०० रुपयांची रक्कम मी दाजींना परत केली. ते घ्यायला तयार नव्हते, पण सल्ला माझा होता.

रॅमच्या पट्टीबाबत उलटे घडले. २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढत गेले आणि जानेवारी २०२६मध्ये शाळेसाठी तशीच पट्टी घ्यायला गेलो, तेव्हा मला दुपटीहून अधिक किंमत सांगण्यात आली. जुलैमध्ये "८ जीबीवर भागते आहे, पुढे बघू" असे म्हटले असते, तर तेच काम पुढे फार महागात पडले असते.

 मार्च २०२६मध्ये, दुसऱ्या सत्रात असताना, भाची घरी आली, तेव्हा तिने स्वतःच बॅटरीचा अहवाल काढून मला दाखवला : ३८,१०० मिलिवॅट-तास. तिच्या वर्गातल्या दोन मैत्रिणींना लॅपटॉप घ्यायचा आहे आणि त्यांच्यासाठी तिने वहीच्या मागच्या पानावर काही प्रश्न लिहून ठेवले आहेत. त्यांतला पहिला प्रश्न तिच्या वडिलांचाच आहे, "तास किती?", आणि त्याच्याखाली तिच्या अक्षरात लिहिले आहे, "रीसेट करून नेट जोडू देतील का?"